अमळनेरमधील एका वकीलबाईंची मृत्युपत्र-सेवा : एक परीक्षण

अमळनेरच्या न्यायालयापासून जवळच एका वकीलबाईंचे छोटे कार्यालय आहे. मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे आणि ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाहाचे अर्ज हेच तेथील मुख्य काम. माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, मृत्युपत्र आम्ही तेथून करून घेतले. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. आपल्याविषयीच्या लेखाला कोणी जाहिरात समजू नये म्हणून नाव देऊ नका, अशी त्यांची विनंती होती आणि ती मी पाळत आहे. तरीही या सेवेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मृत्युपत्र करून देणारे पुष्कळ आहेत. मृत्युपत्र लिहिण्याआधी काय विचारायचे हे जाणणारे थोडे आहेत.

आम्ही गेलो ते वेगळेच ठरवून. मोठा भाऊ सुरतेला असतो, धाकटा गावी शेती पाहतो, मी धुळ्याला शिक्षिका आहे. शेत आणि अमळनेरचे घर आताच दोन्ही भावांच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकावे, म्हणजे पुढे कटकट नको, असा आप्पांचा विचार होता. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या एका दस्तलेखकाने तसा मसुदा तयारही करून ठेवला होता. त्यात नावांच्या आणि गट क्रमांकांच्या जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, म्हणून हा मार्ग अनेकांना सोपा वाटतो.

वकीलबाईंनी तो मसुदा वाचून बाजूला ठेवला आणि सातबारा मागितला. भोगवटादाराच्या रकान्यात आप्पांच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘ए. कु. मॅ.’ असे लिहिलेले होते. ही नोंद आमच्यापैकी प्रत्येकाने वर्षानुवर्षे पाहिलेली होती. त्यावर बोट ठेवून त्यांनी अहिराणीत विचारले, “आप्पा, हाई जमीन कोनी शे?” आप्पा म्हणाले, “आमची.” आमची म्हणजे कोणाकोणाची, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर (‘ए. कु. मॅ.’) म्हणून आप्पांसारख्या थोरल्या भावाचे नाव सातबाऱ्यावर लागले, म्हणजे जमीन एकट्या त्याची झाली असे नाही. धाकट्या काकांचा हिस्सा त्याच उताऱ्यात आहे. जे स्वतःचे नाही ते बक्षीसही देता येत नाही आणि मृत्युपत्रानेही देता येत नाही.

त्यानंतर त्यांनी आजोबा कोणत्या साली वारले, त्यांच्याकडे जमीन कोठून आली, आजोबांच्या पश्चात कधी वाटणी झाली का, कोणते फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावांचे बदल, झाले, हे एकेक करून विचारले. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट वडिलोपार्जित म्हणण्याची सवय आहे, पण कायद्याने त्यात मोठा फरक पडतो. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर, त्यांच्या मृत्यूने वडिलांकडे आली असेल, तर ती कलम ८ नुसार वडिलांची वैयक्तिक मालमत्ता ठरते आणि तिचे मृत्युपत्र त्यांना मोकळेपणाने करता येते. पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेल्या जमिनीत मात्र मुलांचा हक्क जन्मतःच असतो. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही तो मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. अशा जमिनीत आप्पांना कलम ३० नुसार फक्त त्यांच्या स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. माझे दोन्ही भाऊ समोर बसलेले असताना वकीलबाईंनी हे कोणालाही न दुखावता, पण कोठेही न कचरता सांगितले. खान्देशात बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करणे हे अजूनही माहेरच्या मायेचे लक्षण समजले जाते. सही करायची की नाही हे बहिणीने ठरवावे, पण आपण काय सोडत आहोत हे तिला आधी कळले पाहिजे, एवढे त्या म्हणाल्या. मला ते फार मोलाचे वाटले.

पुढे त्यांनी आम्हा तिघा भावंडांना बाहेर बसवले आणि आप्पांशी व आईशी आधी वेगवेगळे, मग एकत्र बोलून घेतले. धाकट्या भावाला हे खटकले. परंतु मृत्युपत्राला पुढे आव्हान दिले जाते ते बहुधा दबावाच्या आणि संशयास्पद परिस्थितीच्या मुद्द्यावर. ज्याला अधिक मिळणार तोच वडिलांना वकिलाकडे घेऊन गेला, त्यानेच मजकूर सांगितला आणि त्यानेच साक्षीदार आणले, अशी साखळी न्यायालयासमोर आली की कागद कितीही देखणा असला तरी अडचण होते. आप्पांची इच्छा आप्पांच्याच तोंडून, आम्ही समोर नसताना ऐकून घेणे हा माझ्या मते या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि केवळ तेवढ्यासाठीही मी हे कार्यालय इतरांना सुचवीन.

बक्षीसपत्राविषयी त्यांचे मत ठाम होते. मृत्युपत्र हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. नोंदवलेले बक्षीसपत्र, अगदी मोजके अपवाद सोडले तर, परत घेता येत नाही. ज्या आईवडिलांकडे राहते घर आणि थोडी शेती याशिवाय काही नाही, त्यांनी हयातीतच सर्व देऊन टाकू नये. द्यायचेच असेल, तर देणाऱ्याचा सांभाळ, औषधोपचार आणि राहण्याची सोय घेणाऱ्याने करावी, ही अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ मधील कलम २३ नुसार अशी अट मोडली गेल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. सुदेश छिकारा प्रकरणात ६ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध होणे आवश्यक मानले. ऊर्मिला दीक्षित प्रकरणात २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगून आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. दुसऱ्या निकालावर विसंबून अट लिहिण्याचे टाळू नये, हा वकीलबाईंचा सल्ला मला पूर्णपणे पटला. दस्तलेखकाच्या त्या मसुद्यात सांभाळाविषयी एक ओळही नव्हती.

हा कायदा आपल्या भागात पुरेसा माहीत नाही, म्हणून थोडे अधिक लिहिते. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करता येत नाही, तिला मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागता येते. मूलबाळ नसेल, तर जे नातेवाईक मालमत्तेचे वारस होणार त्यांच्याकडूनही मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालतो आणि रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अमळनेरला प्रांत कार्यालय असल्याने तालुक्यातल्या वृद्धांना त्यासाठी जळगावला जावे लागत नाही. तरीही चावडीवर हा विषय निघाला की लोक गप्प होतात. मुलाविरुद्ध अर्ज करणे नको, हे समजू शकते. पण असा हक्क आहे हे ठाऊक असणे निराळे.

अखेर काकांशी बोलून आधी वाटणी करावी आणि मृत्युपत्र आप्पांचा स्वतःचा हिस्सा व त्यांनी नोकरीच्या पगारातून घेतलेले अमळनेरचे घर एवढ्यापुरते करावे, असे ठरले. वाटणी होईपर्यंत थांबू नये म्हणून ‘शेतजमिनीतील माझा जो काही हिस्सा निघेल तो’ अशा शब्दांत मजकूर लिहिला गेला. घरात आईला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि तिच्या पश्चात आम्हा तिघांना समान हिस्सा, ही आप्पांची इच्छा होती. स्त्रीला मिळालेली मालमत्ता हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार सामान्यतः तिच्या पूर्ण मालकीची होते, म्हणून मर्यादित हक्क द्यायचा असेल तर त्याची शब्दयोजना काळजीपूर्वक करावी लागते, हे सांगून वकीलबाईंनी तो परिच्छेद आप्पांसमोर पुन्हा लिहिला. गावठाणातील जुन्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरेसा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हेही तेथेच कळले.

मृत्युपत्राचा मसुदा प्रमाण मराठीत होता, पण तो वाचून झाल्यावर प्रत्येक कलमाचा अर्थ त्यांनी आप्पांना अहिराणीत सांगितला आणि आप्पांकडून तो उलट वदवून घेतला. साक्षीदार दोन, दोघेही आप्पांपेक्षा वयाने लहान आणि दोघांनाही मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. कारण पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना किमान एका हयात साक्षीदाराला साक्ष द्यावी लागते. त्यांतले एक आप्पांना नेहमी तपासणारे डॉक्टर होते. प्रकृती व मनःस्थिती चांगली असल्याचा दाखला त्याच दिवसाचा घेतला. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण उपयोगी पडतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, तरी त्यांनी नोंदणीचा आग्रह धरला. नोंदणी शुल्क १०० रुपये आणि दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च एवढेच लागते. जी व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे तिच्यासाठी दुय्यम निबंधक घरी येऊनही दस्त नोंदवू शकतात. आपल्या जिल्ह्यात अशा मृत्युपत्रासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, सक्तीचे नाही, त्यामुळे पुढे नोंदवलेली प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन फेरफारासाठी अर्ज करता येतो. कोणी हरकत घेतली, तर मात्र प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणीला जाते, आणि महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवते.

बँकेच्या ठेवींबाबत घरात एक गैरसमज होता, तो येथे दूर झाला. ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव आहे, म्हणजे पैसे त्याचेच, असे सगळे धरून होते. नॉमिनीने रक्कम स्वीकारायची आणि ती वारसांना अथवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायची असते. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात म्हटले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, म्हणून आईचे नाव आता तेथे आले आहे.

आता उणिवा. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि उद्वाहन नाही. ज्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक सत्तरीच्या पुढचे, त्यांनी तळमजल्यावर एक खोली घेणे अगत्याचे आहे. आईला गुडघ्यांमुळे प्रत्येक टप्प्यावर थांबावे लागले. शुल्क ठरावीक आहे, मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारी नाही, ही चांगली गोष्ट. मात्र ते सुरुवातीला लेखी मिळाले नाही आणि वाटणीपत्राचे शुल्क वेगळे असल्याचे मागाहून कळले. शिवाय आजारपणातील निर्णयांविषयी त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत. आप्पांनी मुखत्यारपत्र करून ठेवावे का, असे मोठ्या भावाने विचारले तेव्हा उत्तर मिळाले की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने तर संपतेच, पण त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाल्यावरही संपते. म्हणजे ज्या स्मृतिभ्रंशाच्या भीतीने आपण ते करतो, त्याच वेळी ते निरुपयोगी ठरते. उपचार थांबवण्याविषयीच्या इच्छापत्राचा विषयही आम्हालाच काढावा लागला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. ही माहिती त्यांच्याकडे पूर्ण होती, पण आम्ही विचारल्यावरच मिळाली. ज्येष्ठांसाठीच काम करणाऱ्या कार्यालयाने हे प्रश्न आपल्या यादीत घ्यावेत, असे मी त्यांना सांगितले आहे.

नंदुरबारकडील वाचकांनी एक लक्षात घ्यावे. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा थेट लागू होत नाही आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने आहेत. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातील कुटुंबांनी त्या विषयात रोज काम करणारा वकील गाठावा. या कार्यालयाने तशा एका कुटुंबाला आमच्यासमोरच नंदुरबारला जाण्यास सांगितले.

जाणाऱ्यांनी चालू सातबारा आणि ८-अ यांबरोबर जुन्या फेरफारांच्या नकला, आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, घराचे खरेदीखत, ठेवींच्या पावत्या आणि घरातल्या सर्व मुलामुलींची, विवाहित मुलींचीही, नावे लिहिलेली वंशावळ न्यावी. जुने फेरफार तहसील कार्यालयातून मिळण्यास वेळ लागतो, त्यामुळे तो अर्ज सर्वांत आधी करावा.