स्टोरीवीव्हर: पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी बघाच

प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनाची ही मुलांच्या गोष्टींची साईट २०१५ पासून आहे, पण आमच्याकडच्या बऱ्याच शिक्षकांना अजून माहीतच नाही म्हणून लिहितेय. मी गडचिरोलीत पहिली-दुसरीला शिकवते, वर्गात निम्म्याहून जास्त पोरं घरी गोंडी बोलणारी. आधी एका खासगी प्रकाशनाची वाचनपुस्तकं घेतलेली, त्यात लिफ्ट, मॉल आणि बर्थडे केक, पोरं नुसती तोंडाकडे बघायची!

इथे गोष्टी फुकट, मराठीत भरपूर आणि गोंडीतही आहेत. लेव्हल १ ला पानावर एखाददुसरं वाक्य, तेच शब्द परत परत येतात, ४ पर्यंत मजकूर वाढत जातो. मी गोष्ट आधी गोंडीत वाचून घेते (माझा उच्चार ऐकून पोरं खदखदून हसतात, हसू देत) आणि मग मराठीत, अर्थ आधीच कळलेला असतो त्यामुळे अक्षरांशी झटापट कमी होते.

सगळ्यात भारी म्हणजे तिथलीच चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट बनवता येते. आम्ही मोहफुलं वेचायची बनवली, तर एरवी गप्प बसणारी एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, टोपली आधी काढा ना, पहाटेच जातात." केला बदल!

भाषांतर कोणीही करू शकतं, त्यामुळे वर्गात नेण्याआधी स्वतः वाचा. रेंज नसेल तर पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. कलर प्रिंट महाग पडते, मी ब्लॅक अँड व्हाईट काढून पोरांनाच रंगवायला देते. पाचपैकी साडेचार.