रवणीवरची कोंबडी आणि बालवाडीची मुलं: लिंबजवळची शेतसहल

साताऱ्याच्या आसपास लहान मुलांच्या शेतसहली आता पुष्कळ झाल्यात. बैलगाडी, झोका, पिल्लू हातात घेऊन फोटो, की झाली सहल. लिंब गावाच्या बाजूला कृष्णेकाठी एक कुटुंब फाल्गुन-चैत्रात सहल चालवतं, ती मला मनापासून आवडली. कारण एकच, इथे मुलांना वाट बघायला शिकवतात.

एकाच पैशात दोन फेऱ्या. पहिली, कोंबडी रवणीला म्हणजे अंडी उबवायला बसल्यावर आठवड्यानं, दुसरी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. मधल्या काळात आमची मुलं वर्गातल्या कॅलेंडरवर रोज एक टिकली लावायची. चार वर्षांच्या मुलाला ‘एकवीस’ कळत नाही, पण टिकल्यांची रांग कळते.

पहिल्या फेरीत घरातल्या आजींनी अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली बॅटरी धरली. आत लाल शिरांचं जाळं आणि एक काळा ठिपका. “ह्यो डोळा हाय त्याचा,” आजी म्हणाल्या. दुसरं अंडं नुसतंच पिवळट उजळलं, तेव्हा “ह्यात पिल्लू धरलं न्हाई” एवढंच सांगितलं. कोंबडी अंडी सारखी फिरवते ते कशाला, यावर मुलांनी खूप डोकं चालवलं. ऊब सगळीकडून लागावी आणि आतलं पिल्लू कवचाला चिकटू नये म्हणून, हे आजींनी शेवटी सांगितलं, आधी नाही. शिक्षिका म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

दुसऱ्या फेरीत एका अंड्याला टवका गेला होता आणि आतून चिवचिव येत होती. एक मुलगी सोलायला पुढे झाली. “सोलायचं न्हाई पोरी, रगत येतं त्याला. त्याचं ते यील.” तासभर झाला तरी टवका जरासाच वाढला. काही मुलं करडांकडे पळाली, काही डालग्याशेजारी बसून राहिली. आजींनी कुणालाच हटकलं नाही. पिल्लू बाहेर आलं ते ओलं, लिबलिबीत, तपकिरी पट्ट्यांचं. “हे पिवळं का नाही?” हा पहिला प्रश्न. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकत घेऊन देणाऱ्या पालकांनी हा प्रश्न ऐकायला हवा होता. चोचीच्या टोकावरचा पांढरा कण आजींनी जवळून दाखवला. कवच फोडायला तोच लागतो, मग काही दिवसांत गळून जातो.

एक पिल्लू अंड्यातच मेलं होतं. आजींनी ते लपवलं नाही, “हे जगलं न्हाई” असं साध्या शब्दांत सांगितलं. मुलं थोडा वेळ गप्प झाली, मग प्रश्नांची सरबत्ती. पालकांना हे खटकेल, पण मला पटलं.

कढीपत्त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या मात्र घाईत उरकल्या, याचं वाईट वाटलं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवीगार होते, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. याला स्वतंत्र वेळ हवा.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आपण निदान शहरातली मुलं गोठ्यापर्यंत तरी न्यावीत.

उणिवाही आहेत. हात धुण्याचा नळ गोठ्यापासून लांब आहे आणि पिल्लांना, शेरडांना हात लावल्यावर साबण लागतोच, तेव्हा आपला घेऊन जा. सावली कमी, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त मुलं नेऊ नका, कोंबडी बिथरते. आणि कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसू लागली, की तारीख ठरते, आपल्या सोयीनं नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.