प्रागमध्ये पैसे बदलताना: नोट खरी, पण देश दुसरा

भारतातून आई-वडील आले की त्यांना वीकेंडला प्राग दाखवून आणायचं, हा जर्मनीतल्या बऱ्याच मराठी घरांचा ठरलेला बेत असतो. आम्ही ड्रेस्डेनला राहतो. तिथून रेल्वेने साधारण अडीच तास, बराचसा रस्ता एल्बे नदीच्या काठाकाठाने. शेंगेन व्हिसा तोच, सीमेवर कुणी उतरवत नाही. देश बदलल्याचं जाणवतच नाही, त्यामुळे चलन बदललंय हेही पाहुण्यांच्या डोक्यात राहत नाही. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात असलं तरी तिथे युरो चालत नाही, कोरुना चालतो. एका युरोला साधारण २५ कोरुना. आमच्या बाबांना लुबाडलं ते याच चलनबदलात. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर, हे वाचून जावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा कोल्हापूरच्या एका सहकारी बँकेत कॅशियर होते. आयुष्यभर नोटा मोजल्या. नातीला काहीतरी आपल्या पैशांनी घेऊन द्यायचं म्हणून त्यांनी २०० युरो जवळ ठेवले होते. जुन्या शहराच्या चौकाजवळच्या एका मनी एक्स्चेंजच्या खिडकीवर त्यांनी ते बदलले. बाहेर ठळक अक्षरांत '०% कमिशन' लिहिलेलं. कमिशन खरंच नव्हतं, पण युरोमागे दिले १७ कोरुना. म्हणजे ५,००० च्या आसपास मिळायला हवे होते तिथे हातात आले ३,४००.

इथपर्यंतचं नुकसान भरून निघालं, कारण माझ्या नवऱ्याला तिथला एक कायदा माहीत होता. एप्रिल २०१९ पासून चेक प्रजासत्ताकात १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो. पावती आणि मिळालेली रक्कम घेऊन त्याच दुकानात परत जायचं आणि पैसे परत मागायचे. त्यासाठी ते वेगळे पैसे घेऊ शकत नाहीत. खिडकीतल्या माणसाने आधी ऐकू येत नसल्यासारखं केलं. नवऱ्याने चेक नॅशनल बँकेकडे तक्रार करतो म्हटल्यावर मुकाट्याने २०० युरो परत दिले. या दुकानांवर त्याच बँकेची देखरेख असते.

खरा घात झाला तो यानंतर.

घड्याळात तास वाजायची वेळ झाली होती. १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ, वरच्या दोन खिडक्यांमधून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, ते बघायला मुलीला घेऊन आम्ही दोघं गर्दीत पुढे गेलो. आईचे गुडघे दुखत होते म्हणून आई-बाबा मागे कडेला थांबले. खिडकीवरची आमची वादावादी बाहेर उभा असलेला एक माणूस बघत होता. नीटनेटके कपडे, हातात लॅपटॉपची बॅग. तो बाबांजवळ येऊन म्हणाला, "हे लोक पर्यटकांना फार फसवतात हो. मला उद्या जर्मनीला जायचंय, युरो हवेच आहेत. मी २६ ने देतो." त्याने मोबाइलवर हिशेब करून दाखवला: ५,२००. बाबांना तो भला माणूस वाटला, आणि का वाटू नये? खिडकीवाले फसवतात हे त्याने सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. दहा मिनिटांपूर्वी बाबांनी ते स्वतः अनुभवलं होतं. हे लोक मनी एक्स्चेंजच्या दारातच का उभे राहतात, ते यावरून समजून घ्या.

बाबांनी नोटा मोजून घेतल्या. वर २०० ची एक, खाली १,००० च्या पाच. बोटांनी कागद चाचपला, उजेडाकडे धरून पाहिला. नकली नोट त्यांच्या हातून सुटली नसती. पण यातली एकही नोट नकली नव्हतीच. वरची २०० ची चेक होती आणि खालच्या पाचही बेलारूसच्या जुन्या रुबलच्या. बेलारूसने २०१६ साली आपल्या चलनातली चार शून्यं कापली आणि नव्या नोटा आणल्या. जुन्या आता चलनात नाहीत. चलनातून जायच्या वेळी १,००० रुबलमध्ये एक चॉकलेटही आलं नसतं. कागद खरा, छपाई खरी, आकडा बरोबर.

हे कळलं ते चार्ल्स पुलापलीकडच्या एका बेकरीत. काउंटरवरच्या मुलीने नोट उलटसुलट केली आणि मान हलवून परत दिली. बाबांनी दुसरी नोट पुढे केली, मग तिसरी. त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही मला त्या माणसाचा संताप येतो. २०० युरो आम्ही सोसू, पण ज्या कामात उभा जन्म काढला त्याच कामात आपण फसलो, हे बाबांच्या मनातून अजून जात नाही.

आम्ही पोलिसांकडे गेलो. जुंगमान चौकातल्या ठाण्यात परदेशी लोकांच्या तक्रारी घेतात. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, नोटा बघताक्षणी ओळखल्या आणि पैसे मिळण्याची आशा ठेवू नका असंही स्पष्ट सांगितलं. रस्त्यावरच्या माणसाची पावती नसते, त्यामुळे ३ तासांचा कायदाही तिथे लागू होत नाही.

आता ओळखायचं कसं? चेक नोटेच्या दर्शनी बाजूवर कायम माणसाचा चेहरा असतो. १,००० वर इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की, २,००० वर गायिका एमा देस्तिनोव्हा, ५०० वर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा. बेलारूसच्या त्या नोटांवर इमारती आहेत आणि मजकूर रशियनसारख्या लिपीत आहे. जायच्या आधी चेक नोटांचे फोटो आई-वडिलांना दाखवून ठेवा, अगदी त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

आणि खरं सांगायचं तर रोख फारशी लागतच नाही. ट्राममधलं तिकीटसुद्धा डब्यातल्या यंत्रावर कार्ड टेकवून निघतं. रोख हवीच असेल तर एखाद्या बँकेच्या एटीएममधून काढा. त्या वेळी पडद्यावर 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतात, तिथे नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा, नाहीतर त्यांच्या मनाचा दर लागतो. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड युरोचं असेल तर कोरुनात खर्च करताना वेगळं शुल्क पडू शकतं, ते निघण्याआधी बँकेला विचारा. दुकानदार युरो घेतो म्हणाला तरी दर त्याचाच असतो आणि सुट्टे बहुधा कोरुनात मिळतात.

मनी एक्स्चेंजमध्ये जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर फलकाकडे बघू नका. "२०० युरोचे हातात किती कोरुना देणार?" एवढंच विचारा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. चेक नॅशनल बँकेचा त्या दिवसाचा दर मोबाइलवर मिळतो, त्याच्याशी ताडून पाहा. पावतीवरची वेळ बघून ती जपून ठेवा. आणि व्यवहार रद्द करून पैसे परत मिळाले की बाहेर पडताना सगळे एकत्र राहा, आईवडिलांना दारात एकटं सोडू नका.