नायट्रेट वाढलंय की फॉस्फेट? घरच्या रीफ टाकीसाठी चार उपायांची तुलना

दीडशे लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली, प्रवाळांची), नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.३ पीपीएम (दहा लाख भागांतले भाग), काचेवर दोन दिवसांत हिरवा थर आणि कोरल तपकिरी पडत चाललेले. अशा वेळी चार सल्ले हमखास मिळतात: पाणी बदला, जीएफओ (फॉस्फेट धरणारे लोहाचे दाणे) लावा, व्हिनेगर सुरू करा, सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत) चेटो हे समुद्री शेवाळ वाढवा. चारही बरोबर असू शकतात, पण चौघांचं काम वेगळं आहे. दोन आकड्यांपैकी कोणता बिघडलाय हे पाहून निवड केली तर पैसे आणि कोरल दोन्ही वाचतात.

लक्ष्य काय ठेवायचं ते आधी ठरवू. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर बहुतेक मिश्र टाक्या छान चालतात. झोअँथस, मश्रूम, लेदर अशी मऊ प्रवाळं नायट्रेट २० झालं तरी कुरकुर करत नाहीत. शून्य हे लक्ष्य नव्हेच.

आधी नळ, मग औषध

कोणताही उपाय विकत घेण्याआधी वरून भरायच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. स्वयंपाकघरातला आरओ इथे फसवतो. पाणी चवीला लागावं म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतात. पिण्यासाठी ते चांगलं, रीफसाठी नाही. आरओच्या मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणाऱ्या दाण्यांचा) टप्पा हवा आणि मीटरवर ० दिसायला हवं. आकडा २-३ वर गेला की रेझिन बदला. संपत आलेलं रेझिन सिलिकेट आधी सोडतं आणि वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) धरतात.

टेस्ट किटचं एककही वाचा. काही किट नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४ ने गुणायचं. फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांतले भाग) दाखवणाऱ्या चेकरचा (छोट्या डिजिटल मापकाचा) आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागला की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. चेकरच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी वाचन चुकतं. दोनदा मोजा, मगच काही करा.

पाणी बदलणं विरुद्ध बाकी सगळं

पाणी बदलण्यात धोका सर्वांत कमी, पण त्याचं गणित बरेच जण करत नाहीत. टाकीत आठवड्याला ४ पीपीएम नायट्रेट नव्याने तयार होत असेल आणि तुम्ही दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल, तर आकडा ४० च्या आसपासच येऊन थांबतो (४ भागिले ०.१०). वर्षभर नेमाने बदललं तरी तिथेच. २० टक्के केलं तर तो २० वर थांबेल. म्हणजे दीडशे लिटरला आठवड्याला ३० लिटर पाणी आणि लिटरला सुमारे ३७ ग्रॅम धरून १.१ किलोच्या जवळपास मीठ. छोट्या टाकीला हे परवडतं, चारशे लिटरला मिठाचा खर्च बोचू लागतो.

फॉस्फेटवर मात्र याचा असर कमी. फॉस्फेट टाकीतल्या दगडांच्या (रॉक) आणि वाळूच्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसतं. पाण्यातलं कमी झालं की रॉक साठलेलं परत सोडतो, म्हणून ०.३ चं ०.२ झालेलं दोन दिवसांत पुन्हा ०.२८ दिसतं. किट खराब नाही, साठा बाहेर येतोय.

तरीही एकदम नायट्रेट ८० सापडलं तर पहिला उपाय हाच. नवं पाणी मात्र जुन्याच्या तापमानाचं आणि १.०२५-१.०२६ घनतेचं हवं.

जीएफओ की व्हिनेगर

खरा घोळ इथे होतो, कारण दोन्हींकडे 'शेवाळाचं औषध' म्हणून पाहिलं जातं.

जीएफओ म्हणजे दाणेदार लोह ऑक्साइड. ते फॉस्फेट धरून ठेवतं, नायट्रेटला हातही लावत नाही. नेहमीची मात्रा दर १०० लिटरला साधारण १०० मि.ली. मिडिया (म्हणजे हे दाणे), पण सुरुवात २५ मि.ली. नेच करा. आरओडीआय पाण्यात लाल गढूळपणा जाईपर्यंत धुवा आणि रिअॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) प्रवाह इतकाच ठेवा की वरचा थर जेमतेम हलेल. दाणे घुसळले गेले की पीठ होतं आणि तांबूस धूळ टाकीभर पसरते. दर दोन दिवसांनी मोजा. फॉस्फेट आठवड्यात निम्म्याने उतरलं तर ते पुरेसं वेगवान आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घातली तर ०.३ चं ०.०२ होतं आणि अॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाची कातडी बुडापासून सुटू लागते. रिअॅक्टरमधून बाहेर येणारं आणि टाकीतलं फॉस्फेट सारखं दिसू लागलं की मिडिया संपला.

व्हिनेगर उलट्या बाजूने काम करतं. अॅसिटिक अॅसिड खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट अंगात घेतात, मग स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्यांना बाहेर काढतो. त्यामुळे चांगला स्किमर नसेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही, इथे तडजोड करू नका. जिवाणू फॉस्फेटच्या मानाने नायट्रोजन कितीतरी जास्त घेतात. नायट्रेट संपलं की फॉस्फेट तिथेच अडकतं, आणि फक्त फॉस्फेट वाढलेल्या टाकीत व्हिनेगर वाया जातं.

बाटली साध्या, रंगहीन व्हिनेगरची घ्या. अॅपल सायडर किंवा मसालेदार नको. लेबलवर अॅसिटिक अॅसिड ४ टक्के आहे की ५ ते बघा. ५ टक्क्यांचं असेल तर १०० लिटरला रोज १ मि.ली. ने सुरू करून दर आठवड्याला १ मि.ली. वाढवा. नायट्रेट उतरू लागलं की वाढवणं थांबवा. मात्रा सकाळी दिवे लागल्यावर, जोरदार प्रवाहात द्या. रात्री पीएच आणि ऑक्सिजन दोन्ही आधीच उतरलेले असतात. व्होडका याच कामाला वापरतात, पण ती सुमारे आठपट तीव्र असते. व्हिनेगरची मात्रा व्होडकाला लावली तर एका रात्रीत पाणी दुधाळ होतं.

पंपावर पांढरे शेंबडासारखे धागे दिसले तर मात्रा निम्मी करा. पाणी ढगाळ होऊन मासे पृष्ठभागावर धापा टाकत असतील तर डोस बंद, एअर पंप चालू. मे महिन्याच्या उकाड्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात वीज गेली तर व्हिनेगरवर चाललेली टाकी सर्वांत आधी अडचणीत येते. बॅटरीवरचा एअर पंप नसेल तर सुरूच करू नका. बंद करतानाही टप्प्याटप्प्याने. आणि एसपीएस (अॅक्रोपोरासारखी कठीण प्रवाळं) असतील तर अल्कलिनिटी ७ ते ८ डीकेएचवर (अल्कलिनिटीचं एकक) ठेवा. पोषक कमी आणि अल्कलिनिटी १० असली की टोकं जळतात.

लँथॅनम क्लोराइड (फॉस्फेटचा गाळ करणारं रसायन) याच ओळीत येतं, पण नवख्याने हात लावू नये. गाळ गाळण्यात चूक झाली तर टँग माशांना त्रास होतो.

चेटो कोणासाठी

सम्पमध्ये टाकीच्या दहा टक्क्यांएवढा कप्पा मोकळा असेल आणि दोन्ही आकडे वाढलेले असतील तर आमची पहिली पसंती चेटोला. क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा पुरे. दिवा रात्री १२ तास लावा, म्हणजे टाकीचा पीएच रात्री फारसा घसरत नाही. गोळ्यात घाण अडकणार नाही इतका प्रवाह हवा. कप्पा भरला की तिसरा हिस्सा उपटून फेका. पोषक घराबाहेर जातात ते याच क्षणी, वाढ नुसती पाहत राहून नाही.

उणीव वेगाची. महिनाभर फरक न दिसणं नेहमीचं आहे. दुसरी अडचण म्हणजे चेटोसोबत जीएफओ किंवा व्हिनेगर जोरात चालवलं तर चेटो उपाशी राहतं, पांढरं पडून विरघळतं आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडतं.

निवड अशी करता येईल: नायट्रेट ५, फॉस्फेट ०.३ तर जीएफओ. नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.०५ आणि दमदार स्किमर असेल तर व्हिनेगर, नसेल तर २० टक्के पाणीबदल. दोन्ही वर आणि सम्प असेल तर चेटो, पहिले चार आठवडे पाणीबदलाच्या जोडीने. सम्पही नाही, स्किमरही नाही, तर पाणीबदल आणि पिशवीत थोडं जीएफओ, आणि मासे एक-दोनने कमी.

कोणत्याही वाटेवर दोन्ही आकडे शून्यावर गेले आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर पसरला, जो रात्री कमी आणि दुपारी दाट दिसतो, तर ते डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशी जीव) असण्याची शक्यता मोठी. तेव्हा जीएफओ काढा, व्हिनेगर उतरवत न्या, खाद्य वाढवा आणि नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ च्या वर येईपर्यंत पाणी बदलू नका.