अलिबाग बाजारातले कडवे वाल: बिरड्याच्या सणासाठी घ्यायचे तर इथलेच

पाचपैकी पाच स्टार, आणि ते नुसते चवीसाठी नाहीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता ठाण्यात असतो. पावसाळ्यात आमचा बिरड्याचा सण येतो, म्हणजे तिशा बेआव, हिब्रू आव महिन्याची नववी तारीख. सण म्हणतात पण दिवस शोकाचा आहे. जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोनच्या सैन्यानं इ.स.पू. 586 मध्ये पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. 70 मध्ये जाळलं, आणि दोन्हीचं दुःख याच एका दिवशी करतात.

उपास कडक असतो. सूर्यास्ताला सुरू होतो तो दुसऱ्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत, जवळजवळ 25 तास, पाण्याचा थेंबही नाही. शेजारच्या काकू दरवर्षी मायेनं विचारतात साबुदाणा तरी चालतो का गं, तर नाही चालत. आंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याची चप्पल नाही, कुणी भेटलं तर शालोमसुद्धा म्हणायचं नाही. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचण्यात आनंद असतो म्हणून त्या दिवशी नेहमीचा अभ्यासही बंद, फक्त इयोब आणि यिर्मया या बायबलमधल्या पुस्तकांतले दुःखाचे भाग चालतात. रात्री सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, दिवे मंद करून खाली बसून एखा म्हणजे विलापगीत वाचतात, तो सूर ऐकला की मला अजून भरून येतं.

आता वालांचं. उपासाआधीच्या शेवटच्या जेवणात शिजवलेला पदार्थ एकच ठेवायचा असतो. युरोपातल्या ज्यूंकडे उकडलेलं अंडं आणि राख लावलेला पाव खायची पद्धत आहे, आमच्या घरी बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, आणि भाकरी, बास. मटण तर आव लागल्यापासूनच बंद असतं. हल्ली काही जण दिवसभर काही मिळणार नाही म्हणून आधी चार-पाच पदार्थ मांडतात ते मला अजिबात पटत नाही, शोकाचं जेवण साधंच हवं. आणि ताटात एकच गोष्ट असेल तर ती नीट हवी ना.

बाजारात बसणाऱ्या मावशींकडचे वाल बारीक, लालसर, इकडचेच, भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर घेतात ते. गणंग जवळपास नाहीच. पावसाळी हवेत मोड यायला वेळ लागतो पण सगळ्यांना सारखे आले, कोमट पाण्यात टाकले की साल पटकन सुटतं, आणि कांदा, हळद, आमसूल, नारळाचं दूध घालून शिजवलं तरी दाणा अख्खा राहतो, शेवटी हलका कडवटपणा जिभेवर राहतो तो तर त्या दिवशी हवाच.

सुपरमार्केटमधली सोललेल्या बिरड्याची फ्रोजन पाकिटंही आणून बघितली, दाण्यांचा लगदा झाला. तसंही सोलण्याचं काम मला वाचवायचंच नाहीये, कारण तेव्हा घरातले सगळे परातीभोवती बसतात आणि मुलं विचारतात मंदिर का पडलं. मग मी त्यांना तालमूदमधलं, म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातलं, सांगते की दुसऱ्या मंदिराच्या काळात लोक तोरा पाळत होते, दानधर्म करत होते, तरी एकमेकांचा विनाकारण द्वेष करत होते म्हणून ते गेलं. परवा धाकट्यानं विचारलं मग आपण वर्गात कट्टी करतो ते पण द्वेषच का, आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

तक्रार म्हणाल तर खडे निवडावे लागतात आणि भाव वाण्यापेक्षा जास्त आहे. घ्यायचे तर उन्हाळ्यात नवा माल असताना घ्या, कडक ऊन दाखवून डब्यात भरा, पावसात घेतलेल्याला ओल लागलेली असते.

तारीख बघूनच भिजत घाला. नववी शनिवारी आली तर उपास रविवारवर जातो कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, शोक करत नाहीत, 2022 ला तसंच झालं होतं. 2026 मध्ये उपास 22 जुलैच्या संध्याकाळी लागतो, म्हणजे वाल 20 तारखेला सकाळी पाण्यात पडायला हवेत.