निगेटिव्ह किलोवर देऊ नका

कराडला आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, आणि डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनानगरला जाऊन काढलेले '१२०' नंबरच्या रुंद फिल्मचे ६ रोल, एका रोलमध्ये १२ फोटो. बाबा गेल्यावर सगळं पत्र्याच्या डब्यांत माळ्यावर पडून होतं. मागच्या वर्षी डबा उघडला, तर व्हिनेगरसारखा उग्र वास आला.

ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. वास घेऊन म्हणाले, "ताई, फिल्म मरतेय. आजच एसी गोदामात हलवायला हवी." फिल्म मरत होती हे खरंच. उष्णतेनं आणि दमटपणानं अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची जुनी फिल्म कुजते, तिच्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधतं. पण ही वर्षानुवर्षं चालणारी कूज. संध्याकाळपर्यंत काही होत नसतं. मी घाबरले आणि स्कॅनिंगचे १८,००० रुपये आगाऊ दिले. त्यांनी पिशवीतून ताणकाटा काढला, डबे तोलले आणि पावती लिहिली: 'जुनी फिल्म, १९ किलो'. रोल मोजलेच नाहीत. फोटोंची काळजी असलेला माणूस वजन कशाला करेल, हे तेव्हा मनात आलं नाही.

चार महिन्यांनी पेन ड्राइव्ह आला. मोबाइलवर काढलेले फोटो, जरा मोठे केले की चेहरे फुटतात. रंगीत निगेटिव्ह सगळ्या परत. कृष्णधवल एकही नाही. "आंबल्या होत्या, नष्ट कराव्या लागल्या."

बाबांच्या हाताखाली काम केलेल्या काकांना लगेच उमगलं. कृष्णधवल निगेटिव्हवरचं चित्रच चांदीचं असतं. चांदी काढणारे एक्स-रे फिल्मसारखीच तीही किलोवर घेतात. रंगीत फिल्म धुतानाच चांदी निघून जाते, उरतात नुसते रंग. पोलिसांनी पावती पाहिली. किती रोल, कशाचे, परत द्यायचे की नाही, त्यावर काहीच नव्हतं.

निगेटिव्ह कुणाकडे द्यायच्याच असतील तर पाकिटांवर नंबर घाला, रोल मोजून पावतीवर लिहून घ्या, आधी १०च द्या. वास येणाऱ्या वेगळ्या काढा, कागदी पाकिटांत घालून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. माळ्यावर नको, पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत.

बाबांची नोंदवही माझ्याकडे आहे. त्यातली नावं शोधत पाटणपर्यंत जाते, जुन्या प्रिंट मागते. कोयनानगरच्या ७२ फ्रेमपैकी आतापर्यंत ३ मिळाल्या.