प्रॉक्समॉक्समधले रोल आणि परवानग्या: पाया भक्कम, पण नियम वाचूनच हात घाला

प्रॉक्समॉक्स व्हीई म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (म्हणजे 'मशीनं') चालवणारं सॉफ्टवेअर. तीन-चार सर्व्हर जोडून त्याचं क्लस्टर उभं राहिलं की बऱ्याच ठिकाणी सगळी मंडळी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, एकाच पासवर्डने आत शिरतात. कोणी भलतंच मशीन बंद केलं, तर टास्क लॉगमध्ये नाव दिसतं फक्त 'रूट'चं. आता शोधा कोणी केलं ते! खरं तर यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि तो फुकट आहे. वर्षाचं सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटवर मोजतात, पण ते स्थिर अपडेट आणि सपोर्टसाठी. परवानग्यांची यंत्रणा पैसे न भरणाऱ्यालाही पूर्ण मिळते. हा मुद्दा आमच्या हिशेबात सर्वांत वजनदार.

रचना सोपी आहे: कोणाला (युझर, ग्रुप किंवा टोकन, म्हणजे स्क्रिप्टला आत शिरण्यासाठीची किल्ली), कुठे (पाथ) आणि काय (रोल). पाथ म्हणजे '/व्हीएम्स/१०५' किंवा '/स्टोरेज/लोकल' असा पत्ता. रोल म्हणजे हक्कांची जुडी. तयार रोल पुष्कळ आहेत. 'पीव्हीई-ऑडिटर' फक्त बघतो. 'पीव्हीई-व्हीएम-युझर' मशीन चालू-बंद करतो, कन्सोल उघडतो, बॅकअप घेतो. 'पीव्हीई-व्हीएम-ॲडमिन' मशीनचा सगळाच कारभार सांभाळतो. 'पीव्हीई-ॲडमिन' जवळपास सगळं करतो, पण परवानग्या बदलू शकत नाही. टीम लीडला हाच द्या; सगळे हक्क असलेला 'ॲडमिनिस्ट्रेटर' देऊ नका.

एकेका मशीनवर परवानगी लावत बसलात तर महिन्याभरात गुंता होतो. पूल, म्हणजे मशीनांचा गट, वापरा. डेटासेंटर, मग परमिशन्स, तिथे पूल्स. 'लॅब' नावाचा पूल बनवा, मशीनं त्यात टाका आणि '/पूल/लॅब' या पाथवर ग्रुपला रोल द्या. 'प्रोपगेट'ची (परवानगी खालच्या पाथवरही उतरवणारी) खूण राहू द्या. नवं मशीन पूलमध्ये आलं की परवानगी आपोआप लागू होते.

इथपर्यंत सरळ आहे. अडतं ते टेम्प्लेटवरून (नमुना मशीनवरून) क्लोन, म्हणजे नवी प्रत, करताना. त्याला चार हक्क लागतात: टेम्प्लेटवर 'व्हीएम.क्लोन', पूलवर 'व्हीएम.ॲलोकेट', स्टोरेजवर 'डेटास्टोर.ॲलोकेट-स्पेस' आणि, आवृत्ती ८ पासून, नेटवर्क ब्रिजवर (मशीनला नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचवर) 'एसडीएन.यूज'. सातवरून आठवर अपग्रेड केल्यावर "कालपर्यंत चालत होतं" अशी तक्रार आली, तर आधी हा चौथा हक्क तपासा. शिवाय क्लोनच्या खिडकीत पूल निवडायला विसरलात तरी ४०३, म्हणजे परवानगी नसल्याचा एरर, येतो. एक मात्र मानलं पाहिजे, एररमध्ये कुठल्या पाथवर कुठला हक्क कमी पडला ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तो पाथ आणि तो हक्क जोडला की काम झालं.

आता खरी मेख. परवानग्या नेहमी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत. खालच्या पाथवरची परवानगी वरून आलेलीला पुसून टाकते. '/व्हीएम्स'वर ग्रुपला 'पीव्हीई-व्हीएम-ॲडमिन' आहे आणि कोणी '/व्हीएम्स/१०५'वर त्याच ग्रुपला फक्त 'व्हीएम.बॅकअप' असलेला रोल "जादा" म्हणून दिला, तर १०५ डावीकडच्या यादीतूनच गायब होतं, कारण दिसण्यासाठी लागणारा 'व्हीएम.ऑडिट' त्या रोलमध्ये नाही. दुसरी गोष्ट, एकाच पाथवर युझरला नावाने रोल दिला की त्याच्या ग्रुपचा रोल त्याच्यापुरता रद्द. एकाच पाथवर एकालाच दोन रोल दिले तर मात्र ते मिळवले जातात. 'नो-ॲक्सेस' त्या पाथवरचे बाकी सगळे रोल बाद करतो. म्हणून नावाने परवानगी देणं टाळा, सगळं ग्रुपनेच करा. बदल केल्यावर युझर्सच्या यादीतलं परमिशन्सचं बटण दाबून शेवटी काय उरलं ते पाहा. हे बटण फार कमी लोक दाबतात.

रिअल्म, म्हणजे लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणारी यंत्रणा, निवडताना 'पॅम' (लिनक्सची स्वतःची) टाळा. पॅमचा युझर प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) लिनक्स खातं म्हणून असावा लागतो आणि पासवर्ड एका नोडवर बदलला तर दुसऱ्यावर जुनाच राहतो. 'पीव्हीई' रिअल्मचे पासवर्ड क्लस्टरभर एकच. एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (संस्थेची युझरची मध्यवर्ती यादी) हीही जोडता येते. ती यादी सिंक केल्यावर, म्हणजे प्रॉक्समॉक्समध्ये ओढून घेतल्यावर, ग्रुपच्या नावापुढे रिअल्मचं नाव चिकटतं, त्यामुळे परवानगी देताना तेच लांब नाव वापरा. सोडून गेलेली माणसं काढून टाकायचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. निवडण्याआधी प्रीव्ह्यू बघा.

स्क्रिप्टसाठी टोकन. गुप्त किल्ली एकदाच दिसते, तेव्हाच जपून ठेवा. 'प्रिव्हिलेज सेपरेशन' मुळातच चालू असतं, म्हणजे नव्या टोकनला काहीच परवानगी नसते. मॉनिटरिंगमध्ये एरर न येता रिकामी यादी येते ती यामुळेच. टोकन आणि त्याचा मालक या दोघांनाही '/' वर 'पीव्हीई-ऑडिटर' द्या. दोघांकडे सामाईक असेल तेवढंच चालतं. टोकनला मुदतही घालून ठेवा.

हे सगळं साठवलं जातं '/ईटीसी/पीव्हीई' फोल्डरमध्ये, आणि कोरम (निम्म्याहून जास्त नोडचं बहुमत) गेला की हा फोल्डर फक्त वाचण्यापुरता उरतो. म्हणजे तीनपैकी दोन नोड पडले असताना कोणाचं खातं बंद करायचं म्हटलं तरी होत नाही. दोनच नोड असतील तर क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारं बाहेरचं यंत्र) जोडल्याशिवाय क्लस्टर करू नका.

उणिवा दोन, आणि दोन्ही जाचतात. काही कामं फक्त मूळ रूटलाच जमतात, 'ॲडमिनिस्ट्रेटर' रोल असला तरीही. कंटेनरला (हलक्या आभासी मशीनला) होस्टवरचा, म्हणजे मूळ सर्व्हरवरचा, फोल्डर थेट जोडणं त्यातलंच. मशीनला पीसीआय कार्ड थेट देण्यासाठी निदान आवृत्ती आठपासून रिसोर्स मॅपिंग आलं आहे, त्यामुळे ते काम इतरांनाही सोपवता येतं. दुसरी मोठी: कोटा (वापराची कमाल मर्यादा) नाही. एका पूलला इतकेच कोअर, इतकीच रॅम, असं बांधता येत नाही. 'व्हीएम.कॉन्फिग.सीपीयू' आणि 'व्हीएम.कॉन्फिग.मेमरी' हे दोन हक्क ज्याच्याकडे आहेत तो मनात येईल तेवढे आकडे टाकू शकतो. विद्यार्थ्यांच्या क्लस्टरवर या दोन हक्कांशिवायचा स्वतःचा रोल बनवा आणि टेम्प्लेटलाच २ कोअर, ४ जीबी ठेवा. मशीनची संख्या मात्र तरीही आवरता येत नाही. तिथे 'व्हीएम.ॲलोकेट' न देता क्लोन ॲडमिननेच करून द्यावेत.